माहेरी बरी, सासरी आजारी

पावसाळा सुरू झाला की आमच्या वांद्र्याच्या दवाखान्यात खोकल्याची रांग लागते. आपल्या गावाकडच्या दवाखान्यांतही तेच चालते. सर्दी-पडसे, फ्लू, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हे पावसाचे नेहमीचे पाहुणे. बहुतेक खोकले आठ-पंधरा दिवसांत जातात. पण दरवर्षी या रांगेत एखाददुसरा रुग्ण असा निघतो, की ज्याचा खोकला औषधाने हटत नाही आणि घर सोडून चार दिवस बाहेर गेला की आपोआप थांबतो. मुंबईकरांचे हे बाहेर जाणे म्हणजे पुष्कळदा आपल्या जिल्ह्यात येणे असते. मुंबईची सून, मुलगा, भाचा गणपतीला आला, चार दिवसांत टवटवीत झाला, परत गेला आणि पुन्हा अंथरुणाला खिळला, असे कोणाच्या घरात घडत असेल तर त्यांनी आजचा लेख सवडीने वाचावा. कारण पुष्कळदा मुंबईच्या त्या खोलीतल्या भिंतीवर, कपाटामागे, बुरशीच्या रूपाने बसलेले असते.

बुरशी म्हटले की वाचकांना २०२१ साल आठवेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे आणि जबडे नेले, लोक त्याला काळी बुरशी म्हणत. तो संसर्ग होता, म्हणजे बुरशी शरीरात शिरून तेथे वाढत होती. आजचा विषय वेगळा आहे. यात बुरशी भिंतीवरच राहते. तिचे बीजाणू आणि सूक्ष्म तुकडे श्वासावाटे फुफ्फुसात जातात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर नको इतकी चवताळून उठते. फुफ्फुसाचे नुकसान होते ते या चवताळण्याने. म्हणून बुरशी मारण्याच्या गोळ्यांचा या आजारात उपयोग होत नाही. वैद्यकीय परिभाषेत याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. एवढे लांबलचक नाव ऐकूनच रुग्ण गळाठतो, म्हणून मी 'घरातल्या हवेची फुफ्फुसाला आलेली अ‍ॅलर्जी' असे सांगतो. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

वांद्रे म्हटले की गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नटनट्यांचे बंगले येतात. ते आहेतच. पण त्याच वांद्र्यात रानवारसारखी जुनी गावठाणे आहेत, चिंबईचा कोळीवाडा आहे, रेल्वेच्या पूर्वेला सरकारी वसाहत आणि बेहरामपाडा आहे, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारती तर दोन्ही अंगांना आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मिठी नदी आणि माहीमची खाडी. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जातो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २६ जुलै २००५ रोजी तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. नैर्ऋत्येचा वारा हा पाऊस भिंतींवर आडवा झोडतो. गिलाव्याला चिरा, गच्चीवरचा कोबा फुटलेला, बाहेरून उतरणारे पाईप गंजलेले; पाणी वाट काढतेच. त्यात पावसामुळे खिडक्या बंद, स्वयंपाकाची वाफ आत, ओले कपडेही आतल्या दोरीवर. भिंतीवर आधी पिवळसर डाग उमटतो, मग लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि मग काळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी उमटते. मुंबईकर त्यावर कॅलेंडर टांगतो. डाग मोठा असेल तर कपाट सरकवतो.

काही वर्षांपूर्वीची एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीचे, माहेर लांजा तालुक्यातले, सासर वांद्रे पूर्वेच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. यजमान नोकरीला, मुले कॉलेजात, घरात सासूबाई. वहिनी घरीच ब्लाउज-परकर शिवून संसाराला हातभार लावीत. जुलै महिन्यात त्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. थंडी वाजून येई, अंग मोडून येई, कोरडा खोकला सुटे, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटे. मलेरियाची तपासणी दोनदा केली, दोन्हीदा काही निघाले नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. दम्याचा पंप झाला, त्याने फारसा फरक पडला नाही. दिवाळीनंतर जिना चढताना मधल्या वळणावर थांबावे लागे, वजन पाच-सहा किलोंनी उतरले. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांवर धूसरपणा दिसला आणि थुंकीत जंतू नसतानाही एके ठिकाणी क्षयाची औषधे सुरू झाली. दोन महिने ती घेऊन झाल्यावर त्या सासूबाईंबरोबर माझ्याकडे आल्या.

मी विचारले, "वहिनी, या सगळ्या महिन्यांत बरे कधी वाटले?"

त्यांनी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "माहेरी गेली की हिला काही होत नाही, डॉक्टर. ताप नाही, खोकला नाही. गणपतीला गेली तर घाटी चढून देवळात गेली म्हणे. इथं पाऊल टाकलं की तिसऱ्या दिवशी अंथरूण!"

त्यातला टोमणा समजायला वैद्यकीय शिक्षण लागत नव्हते. वहिनी मान खाली घालून बसल्या. एव्हाना नात्यातल्या चारचौघांनी हे दुखणे मनाचे ठरवून टाकले होते. सासरी काम नको म्हणून आजारी पडते, माहेरी लाड होतात म्हणून बरी होते, असा सगळा हिशेब मांडून झाला होता. वास्तविक सासूबाईंनी त्या तीन वाक्यांत निदान सांगितले होते. गणपतीच्या दिवसांत लांज्यातही पाऊसच असतो, हवा तेवढीच दमट असते. तरी तेथे बाई बरी होते आणि वांद्र्याला परतल्यावर दोन-तीन दिवसांत आजारी पडते, याचा अर्थ कारण मोसमात नाही आणि मनातही नाही. ते त्या घरात आहे.

मी घर पाहायला गेलो. फॅमिली डॉक्टरने अधूनमधून रुग्णाच्या घरी जावे असे माझे मत आहे. हल्ली ही पद्धत मोडीत निघाली आहे आणि त्यात रुग्णाचेच नुकसान झाले आहे. शिवणाचे मशीन आतल्या खोलीत, भिंतीला लागून होते. शेजारी प्लायवुडचे कपाट. खोलीत शिरताच कुबट वास आला. घरच्यांना तो वास सवयीने येत नव्हता. कपाट दोघांनी मिळून हातभर पुढे ओढले तर मागची चार फूट भिंत काळी-हिरवी झालेली, आणि कपाटाची मागची फळी शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखी. वरच्या ब्लॉकच्या न्हाणीघरातले पाणी नहाणी ट्रॅपच्या भोवतीने झिरपत होते. मे महिन्यात त्यावर डिस्टेंपरचा हात मारला होता, पण तो रंगही ओलीबरोबर सुटून आला होता. त्या भिंतीशी तोंड करून वहिनी दिवसाचे सात-आठ तास मशीन चालवीत. यजमान आणि मुले सकाळी बाहेर पडत ती रात्री परतत. सासूबाईंचा मुक्काम पुढच्या खोलीत, टीव्हीपुढे.

मी त्यांना छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी झाली, एचआरसीटी म्हणजे फुफ्फुसांचा बारीक कापांचा सीटी स्कॅन झाला, दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन ते पाणी तपासले, त्यात लिम्फोसाइट या पेशी भरपूर निघाल्या. क्षयाचा पुरावा कुठेच नव्हता. तज्ज्ञांनी क्षयाची औषधे बंद केली, काही आठवड्यांसाठी प्रेडनिसोलोन दिले आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घर सोडायला सांगितले. वहिनी डोंबिवलीला बहिणीकडे गेल्या. आठ दिवसांत ताप गेला, तीन आठवड्यांत खोकला निम्म्यावर आला.

येथपर्यंत वैद्यकशास्त्र. पुढे गृहनिर्माण सोसायटी सुरू झाली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे सगळे कोरडे आहे, लादी फोडू देणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, हा दोन सभासदांचा आपसातला मामला. सभा झाली, पत्रे झाली, आठ महिने गेले. मधेच नातलगाच्या लग्नासाठी वहिनी चार दिवस घरी राहायला आल्या आणि तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा थंडी वाजून ताप. शेवटी कुटुंबाने जवळच एक भाड्याची कोरडी खोली घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात वरची लादी फुटून गळती निघाली. वहिनी आज दोन जिने न थांबता चढतात. तिसऱ्याला थांबावे लागते, कारण फुफ्फुसाच्या खालच्या भागात जे व्रण पडले ते पडले, ते औषधाने पुसले जात नाहीत. सासूबाई मात्र पार बदलल्या. इमारतीत कोणी खोकले की त्यांच्याकडे जाऊन कपाट सरकवायला लावतात.

असे का होते?

आपल्या फुफ्फुसात श्वासनळ्यांच्या टोकाशी कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांचे पापुद्रे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. वांद्र्यात एवढा ब्लॉक घ्यायचा तर आयुष्याची कमाई पुरत नाही. रक्तात प्राणवायू येथेच मिसळतो. नाकातले केस आणि श्वासनळीतला कफ मोठी धूळ अडवतात. पण घरातल्या भिंतींवर नेहमी आढळणाऱ्या अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे. ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. दम्याची अ‍ॅलर्जी श्वासनळ्यांत असते, नळ्या आवळतात, छाती सूं सूं वाजते आणि पंपाने मोकळी होते. या आजारात सूज वायुकोशांच्या भिंतीत येते. म्हणून सूं सूं बहुधा नसते, पंपाने विशेष फरक पडत नाही, आणि पाठीला नळी लावली तर नवी चिकटपट्टी सोडवावी तसा चरचर आवाज येतो.

एकाच घरात चौघांपैकी एकालाच का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्यातूनच रुग्णावर संशय घेतला जातो. उत्तर असे की जनुकांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, आणि त्या हवेत काढलेले तासही वेगळे. घरात जो सर्वांत जास्त वेळ असतो त्याला धोका जास्त. आपल्याकडे ती व्यक्ती बहुधा घरातली बाई असते, किंवा आजी-आजोबा.

एका दमात पुष्कळ बीजाणू गेले तर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते; ती जागा सोडली की एक-दोन दिवसांत उतरते. हा झाला तीव्र प्रकार. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला मलेरिया किंवा व्हायरल ताप समजले जाते, आणि आराम पडला की शेवटच्या गोळीला श्रेय मिळते. दुसरा प्रकार छुपा. रोज थोडे थोडे जात राहते, ताप नसतो, धाप महिन्या-महिन्याने वाढते, वजन उतरते, काहींची बोटांची टोके फुगीर होतात आणि नखे पोपटाच्या चोचीसारखी वळतात. तोवर फुफ्फुसात व्रण धरू लागलेले असतात. अशा वेळी स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे आणि अलीकडे निंटेडॅनिब हे व्रणांचा वेग मंदावणारे औषध वापरतात. पण घरात बुरशी तशीच ठेवून ही औषधे देत राहणे म्हणजे छप्पर गळते म्हणून खाली बादल्या बदलत राहण्यासारखे आहे. डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूइश हेल्थ या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३ साली जुनाट प्रकारच्या १४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात आजाराचे कारण ओळखता आले होते त्यांच्यातले निम्मे पावणेनऊ वर्षांपलीकडे जगले. ज्यांच्यात कारण सापडलेच नाही त्यांच्यात हाच आकडा पाच वर्षांच्या आत होता. कपाटामागे डोकावून पाहण्याचे मोल एवढे आहे.

हा आजार मुळात शेतकऱ्यांमध्ये ओळखला गेला. १९३२ साली कॅम्पबेल या इंग्रज डॉक्टरने ओले राहून सडलेले गवत हाताळणाऱ्यांचा आजार नोंदवला, त्याला पुढे 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' असेच नाव पडले. उसाच्या बुरसटलेल्या चिपाडाने होणारा असाच आजार १९४१ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स येथून नोंदवला गेला. भिजलेल्या पेंढ्याची उडवी फोडताना ज्यांना संध्याकाळी कणकण येते त्या आपल्या वाचकांनी याचा विचार करावा.

घराशी या आजाराचे नाते सर्वांत चांगले उलगडले ते जपान्यांनी. तेथे उन्हाळ्याचे दिवस आपल्या पावसाळ्यासारखे दमट असतात, घरे लाकडी असतात, आणि दरवर्षी त्याच दिवसांत तोच ताप-खोकला घेऊन लोक येत. ट्रायकोस्पोरॉन नावाची बुरशी ओल्या लाकडात आणि चटयांत वाढते असे दिसून आले. १९९१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा ६२१ रुग्णांची हकिकत एकत्र छापली; घरात जास्त वेळ असणाऱ्या गृहिणी त्यात पुष्कळ होत्या. कुजलेले लाकूड काढून टाकले किंवा घर बदलले की आजार परत येत नसे.

आपल्या देशात हा आजार दुर्मिळ आहे असे पूर्वी समजत. मग २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुफ्फुसाच्या जाळीदार आजारांच्या नव्या रुग्णांची नोंद केली. ते १,०८४ भरले. त्यांतले ५१३, म्हणजे शेकडा ४७, या घरच्या-बाहेरच्या हवेच्या अ‍ॅलर्जीचे निघाले! हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे: या ५१३ पैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचे कूलर होते. मुंबईत आणि कोकणात कूलर चालत नाही. पण ज्यांची मुलगी नागपूर-अकोल्याला किंवा संभाजीनगरला दिली आहे त्यांनी तिला कळवावे, की गेल्या वर्षीच्या ताट्या याही वर्षी लावू नकोस, आणि टाकीतले पाणी दिवसेंदिवस तसेच ठेवू नकोस.

मुंबईत सध्या या आजाराचे नाव निघते ते कबुतरांमुळे. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाच्या आदेशानंतर महापालिकेने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याची कारवाई सुरू केली, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, आंदोलने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने होणारा आजार याच जातीचा आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. मात्र चर्चेच्या ओघात सगळा दोष कबुतरांवर जातो आणि आपल्याच पलंगामागची भिंत विसरली जाते, हे मला दिसत आहे.

दम्याच्या रुग्णांना एक वेगळी सूचना. जुन्या दम्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी श्वासनळीतल्या कफात ठाण मांडते आणि तिची अ‍ॅलर्जी होते. एबीपीए हे त्याचे आद्याक्षरी नाव. खोकल्यातून तपकिरी रंगाचे घट्ट गठ्ठे पडतात, कधी रक्त येते, एक्स-रेवर डाग दिसतात आणि पुन्हा क्षयाचा शिक्का बसतो. भारतात असे सुमारे १४ लाख रुग्ण असावेत असा २०१४ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्याची पहिली ओळख रक्तातल्या आयजीई या तपासणीने होते, आणि तेथे मात्र स्टेरॉइडबरोबर बुरशीविरोधी गोळ्यांचाही उपयोग होतो. हे वाचून कोणी क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आपल्याकडे क्षय भरपूर आहे, थुंकीची जनुकीय तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, ती आधी करावी. पण थुंकीत काही नाही, दोन महिने गोळ्या खाऊनही उतार नाही, तर डॉक्टरांना दुसरी शंका बोलून दाखवायला संकोच करू नये.

भिंत साफ करताना

आधी पाणी थांबवावे, मग बुरशी काढावी. उलटे केले तर पैसे आणि श्रम फुकट. रंगाचा हात मारणे हा तर उपायच नव्हे, बुरशी रंगाखालून महिन्या-दोन महिन्यांत वर येते. पावसाळा संपून भिंत पूर्ण सुकल्यावर गिलावा फोडून दुरुस्ती करावी. रुग्णाने स्वतः हे काम करू नये, त्या दिवशी त्याने घरातही थांबू नये. कोरड्या झाडूने किंवा पत्रीने खरवडले तर बीजाणूंचा ढग उठतो. साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके टाकून द्यावे. पुसणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. ब्लीचिंगने बुरशी मरते, पण मेलेल्या बुरशीचे तुकडेही अ‍ॅलर्जी देतात, तेव्हा ती पुसून काढलीच पाहिजे. डाग तीन फूट लांब, तीन फूट रुंद याहून मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवावा. बुरसटलेली गादी, उशा, कपाटाची मागची फळी यांचा मोह सोडावा. लग्नातली गादी म्हणून ती जपणाऱ्या लोकांशी मी पुष्कळ वाद घातले आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. एसीची जाळी आणि पाणी साठणारा ट्रे पावसाळ्याआधी धुऊन घ्यावा. घरातली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला जम बसवणे अवघड जाते. ती मोजायचे छोटे यंत्र बाजारात मिळते, महाग नसते.

गळती कोणी काढायची, यावरून मुंबईत सख्खे शेजारी बोलेनासे होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाईपातून येणारे पाणी थांबवणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि सभासदाच्या न्हाणीघरातून किंवा मोरीतून होणारी आतली गळती त्या सभासदाने स्वखर्चाने काढायची आहे. भाडेकरूंसाठी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घर दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत काम केले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पागडीच्या शंभर-दोनशे रुपये भाड्यात चौथा हिस्सा तो किती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे दोन वर्षांचे मूल दगावले. त्याच्या नावाने 'अवाबचा कायदा' झाला, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथल्या सामाजिक गृहसंस्थांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी कामाच्या दहा दिवसांत करावी लागते, तातडीच्या धोक्यात तर चोवीस तासांत हालचाल करावी लागते. आपल्या सोसायट्यांत असल्या तक्रारीला निदान वैद्यकीय कागद जोडावा. डॉक्टरच्या सहीशिक्क्याचे पत्र आल्यावर सेक्रेटरी जरा सावधपणे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

रक्ताच्या एका तपासणीने हे कळत नाही का, असे पुष्कळजण विचारतात. बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात मोजता येतात. पण ती आहेत याचा अर्थ एवढाच की त्या बुरशीशी तुमचा संबंध आला आहे. निरोगी शेजाऱ्याच्या रक्तातही ती सापडू शकतात. आणि ती नाहीत म्हणून आजार नाही असेही म्हणता येत नाही. त्यापेक्षा एक वही करावी. ताप कधी आला, खोकला कधी वाढला, गावी किंवा बहिणीकडे कधी गेलो, तेथे कितव्या दिवशी बरे वाटले, परत आल्यावर कितव्या दिवशी बिघडले, एवढ्या तारखा लिहाव्यात. घरात कूलर, एसी, पक्षी, शिवणकामाची किंवा अभ्यासाची ठरलेली जागा काय आहे तेही लिहावे. छातीच्या डॉक्टरकडे जाताना जुने एक्स-रे, ती वही आणि मोबाइलवर काढलेला भिंतीचा फोटो बरोबर न्यावा. फोटो कपाट सरकवून काढलेला हवा.